सालस गावठी कोंबडी परसात पाळताना

आमच्या परसात सध्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यातली तांबडी गेले नऊ दिवस मांगराच्या कोपऱ्यात टोपलीत बसून आहे. हात घातला की अंग फुगवते, घशातल्या घशात गुरगुरते, पण चोच मारत नाही. तिच्या पोटाखालून अंडं काढून उजेडात बघून परत ठेवलं तरी जागची हलत नाही. तिची आई अशीच होती. मुलं तिला काखेत घेऊन अंगणभर हिंडायची.

नव्याने कोंबड्या पाळू म्हणणारे लोक विचारतात, अंडी किती देते? मी उलट विचारतो, खुडूक बसते का, म्हणजे अंडी उबवायला बसते का, आणि हातात राहते का? घराला लागून, पोराबाळांच्या पायात वावरणारी कोंबडी ठेवायची तर हे दोन गुण आधी बघावेत. सालसपणा काही अंशी रक्तातून येतो, काही अंशी रोजच्या वागणुकीतून. दोन्ही आपल्या हातात असतं, फक्त सुरुवात पिल्लापासून न करता आईपासून करावी लागते.

कोणती कोंबडी म्हणायची

कोकणात तिला गावठी म्हणतात, घाट चढून वर गेलं की तीच गावरान होते. ही एक ठरावीक, नोंदलेली जात नव्हे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे असील, कडकनाथ, अंकलेश्वर अशा जातींची नोंद आहे. गावठी म्हणजे पिढ्यान् पिढ्या उकिरड्यावर, गोठ्यात, भाताच्या खळ्यावर चरत त्या त्या गावच्या हवेला रुळलेली कोंबडी. एकाच घरात तांबडी, काळी, ठिपक्यांची असते, एखादी मानेवर पीस नसलेली निघते, एखादी उलट्या पिसांची. मानेवर पीस नसलेली दिसायला ओंगळ, पण एप्रिल-मे महिन्यात बाकीच्या चोच वासून धापा टाकत असतात तेव्हा ती निवांत चरत असते. उघड्या कातडीतून अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते.

मादी साधारण सव्वा ते दीड किलोची. सहा-सात महिन्यांची झाली की अंड्यावर येते. एका खेपेला बारा ते पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. वर्षाला अशा तीन-चार खेपा धरा, म्हणजे पन्नास-साठ अंडी. पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास घालते, त्यामुळे रोजच्या आम्लेटाचा हिशेब करून गावठी पाळायला घेतली तर पदरी निराशाच येईल. तिचं उत्पन्न म्हणजे पिल्लं.

बाजारात ‘गावरान’ म्हणून गिरिराज आणि वनराज सर्रास विकतात. पक्षी वाईट नाहीत. वजन लवकर धरतात, अंडी जास्त देतात. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाला, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत. पण हे सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणजे दर वेळी पिल्लं विकत आणायची. ती हवी असतील तर राज्य शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, तिथे चौकशी करावी.

कडकनाथबद्दलही विचारणा होते. तो मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, तिकडे त्याला कालीमासी म्हणतात, 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. कातडी, मांस, हाडांवरचं आवरणसुद्धा काळं, अंडं मात्र फिकट बदामी. काळं अंडं दाखवून कोणी कडकनाथचं म्हणत असेल तर खिसा सांभाळा. पक्षी चपळ आणि बुजरा, आणि मादी अंड्यांवर नीट बसत नाही, त्यामुळे तिची अंडीसुद्धा गावठी कोंबडीखालीच ठेवावी लागतात. सांगली-कोल्हापूरकडे करारशेतीच्या नावाखाली कडकनाथात शेतकऱ्यांचे पैसे अडकले ते प्रकरण 2019 चं. हौसेला चार ठेवा, कर्ज काढून नको.

असील माणसाच्या हातात अगदी गरीब. पण दोन असील नर एका परसात नांदत नाहीत, एक मरेपर्यंत झुंजतात. असीलची मादी मात्र आई म्हणून फार चांगली.

खुराडं आधी, कोंबडी मागून

बहुतेक लोक उलटं करतात. कोंबडी आणतात, दोन दिवस टोपल्याखाली झाकतात, मग घाईघाईत जुन्या लाकडांचं काहीतरी ठोकतात आणि तिसऱ्या रात्री मुंगूस नाही तर कुत्रं येतं.

एका कोंबडीला रात्रीपुरती दीड ते दोन चौरस फूट जागा पुरते, कारण दिवसभर ती बाहेरच असते. दहा कोंबड्यांना पाच बाय चार फुटांचं खुराडं झालं. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घ्या, खाली चिरे किंवा सिमेंटचे खांब. तळाला पोफळीच्या किंवा बांबूच्या चिपा बोटभर फटी ठेवून ठोकल्या की शीट खाली पडते आणि झाडांना खतही मिळतं. मात्र फट बोटभरच ठेवा, दोन बोटं झाली की पिल्लांचे पाय अडकतात.

कोकणात पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून खुराड्याचं तोंड पूर्वेला. सकाळचं ऊनही आत येतं. छपराला कौलं उत्तम. पत्रा घातलात तर त्यावर पेंढा किंवा झावळ्या टाका, नाहीतर मे महिन्यात आत भट्टी होते. वरच्या बाजूला वारा खेळता हवा. बंद खुराड्यात शिटीचा वास डोळ्यांना झोंबला तर समजा, कोंबड्यांच्या छातीला त्याआधीच त्रास सुरू झाला आहे.

जाळीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माझी सगळ्यात महागडी चूक तीच. दुकानात कोंबडीजाळी म्हणून षटकोनी भोकांची पातळ तारेची जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं दातांनी फाडतं, रानमांजर पंज्याने. मी ती लावली होती. सकाळी खुराड्यात गेलो तर जाळीला हाताएवढं भगदाड, आत पिसांचा खच आणि सात कोंबड्यांपैकी दोन आढ्याला चिकटून बसलेल्या. अर्धा इंची चौकोनी, वेल्ड केलेली जाळी घ्या. खुराडं जमिनीवरच असेल तर जाळी फूटभर जमिनीत गाडा किंवा कडेने चिरे बसवा. मुंगसाचं डोकं ज्या भोकातून जातं तिथून सगळं मुंगूस जातं. दाराला नुसती कडी नको, कडीत खुंटी हवी. कांडेचोराला, म्हणजे उदमांजराला, सैल कडी सहज उघडता येते.

धामण अंड्यांच्या आणि पिल्लांच्या मागावर येते. अर्ध्या इंचाची जाळी मोठ्या सापाला अडवते. आलीच तर मारू नका. ती कायद्याने संरक्षित आहे, आणि ती नसेल तर उंदीर तुमचं तूस, दाणे आणि पिल्लं तिन्ही खातील. सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा.

आत बसायला आडव्या काठ्या लावा, दीड-दोन इंच जाडीच्या, कडा तासून गोल केलेल्या. माणशी म्हणावं तसं कोंबडीमागे सात-आठ इंच. सगळ्या काठ्या एकाच उंचीवर ठेवा. शिडीसारख्या वरखाली लावल्या की रोज संध्याकाळी सगळ्यात वरच्या काठीसाठी मारामारी होते आणि कमजोर कोंबडी रात्रभर खाली शिटीत बसते. कळपातली निम्मी भांडणं या एका गोष्टीने मिटतात.

अंडी घालायला अंधारी, आडोशाची जागा हवी. फूटभर लांबी-रुंदीची खोकी किंवा जुनी टोपली चालते, चार-पाच कोंबड्यांना एक पुरे. आत पेंढा. टोपली काठ्यांपेक्षा खाली ठेवा, नाहीतर कोंबड्या रात्री तिच्यातच झोपतात आणि अंडी शिटीने माखतात.

आणायची कशी, निवडायची कशी

सगळ्यात चांगली सुरुवात म्हणजे ओळखीच्या घरातली पिल्लांसकट कोंबडी. महाग पडते, द्यायला लोक का-कू करतात, पण तिच्याबरोबर तिचा अनुभवही घरात येतो. घार दिसली की कसं ओरडायचं, कुठे पळायचं, कोणतं पान खायचं नाही, हे पिल्लांना ती शिकवते. ते जमलं नाही तर पाच-सहा महिन्यांच्या चार-पाच तलंगा, म्हणजे तरुण माद्या, आणि एक कोंबडा घ्या. एका कोंबड्यामागे आठ-दहा माद्या चालतात. दोन-तीन माद्यांत एक कोंबडा ठेवला तर तो त्यांच्या पाठीवरची पिसं झाडून टाकतो.

विकणाऱ्याच्या घरी शक्यतो संध्याकाळी जा. तेव्हा कोंबड्या सुस्त असतात आणि स्वभाव लवकर कळतो. छातीखाली तळवा घालून, दोन्ही पाय बोटांत धरून, पंख आपल्या अंगाला टेकवून उचला. पाय धरून उलटी लोंबकळवू नका. बाजारात तशीच धरतात हे खरं, पण तिचा जीव घाबरतो आणि तुम्हाला तिचा स्वभावही कळत नाही. चांगली कोंबडी चार-सहा झटके देते, एकदा ओरडते, मग हातात सैल पडते आणि मान वळवून तुमच्याकडे बघते. दोन मिनिटं झाली तरी फडफडतच राहिली तर ती घेऊ नका, रंग कितीही देखणा असो.

डोळे स्वच्छ, नाक कोरडं, पार्श्वभाग पिसांना शीट न चिकटलेला हवा. पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसं उलटी करून बघा, उवा तिथेच असतात. पायांवरचे खवले गुळगुळीत असतील तर वय कमी. खवले उचललेले, खरबरीत असतील तर एक तर म्हातारी, नाहीतर पायाला खरजेचे किडे. अंड्यावर असलेल्या कोंबडीचा तुरा लालभडक असतो आणि शेपटीखालच्या दोन हाडांत दोन-तीन बोटं मावतात.

आणल्यावर तीन आठवडे वेगळी ठेवायची. हे कोणी करत नाही, मीही करत नव्हतो. एकदा आठवडी बाजारातून काळी कोंबडी आणली, फार आवडली म्हणून त्याच संध्याकाळी बाकीच्यांत सोडली. पाचव्या दिवशी ती हिरवट पांढरी हगायला लागली. आठव्या दिवशी आमच्या चितकबरीची मान उलटी वळली. चौदातल्या तीन उरल्या.

नवी कोंबडी जुन्या कळपात सोडायची तर रात्री, अंधारात, काठीवर नेऊन ठेवायची. शक्यतो एकटी नको, दोघी-तिघी एकदम. सकाळी सगळ्याजणी एकत्र उठतात आणि भांडण अर्ध्यावर येतं. पुढचे काही दिवस दाणे दोन ठिकाणी टाका, म्हणजे दबलेलीला एका जागेवरून हाकललं तरी दुसरी मिळते. पहिलाच कळप असेल तर पाच-सात दिवस खुराड्यातच कोंडा. एकदा ते घर पटलं की पुढे दिवेलागणीला आपोआप परत येतात.

सालसपणाची राखण

दाणे रोज त्याच वेळी, त्याच आवाजाने. आमच्याकडे पत्र्याच्या डब्यात मूठभर कणी खडखडवतात. आवाज झाला की परसाच्या टोकापासून सगळ्याजणी पंख पसरून धावत येतात. त्या वेळी खाली उकिडवं बसा. उभा माणूस वरून झेपावणाऱ्या घारीसारखा वाटत असावा, बसलेल्याच्या हातातून त्या खातात. आठवड्यातून दोनदा प्रत्येकीला उचलून बघा. वजन, तुरा, पाय, पंखाखाली. दोन कामं एकदम होतात.

कोंबड्याचं गणित वेगळं. एकटं वाढवलेलं, हातात खेळवलेलं नर पिल्लू मोठेपणी बऱ्याचदा माणसावरच धावून येतं, कारण माणसाची भीती उरलेली नसते आणि माणूस त्याला दुसरा कोंबडाच वाटतो. एक पंख खाली सोडून तिरका तिरका तुमच्याभोवती नाचायला लागला की ओळखा. नर पिल्लांना आईच्या आणि मोठ्या कोंबड्याच्या धाकात वाढू द्या, कुरवाळू नका. आणि एकदा जरी लहान मुलाच्या पायावर झेप घेतली, तर तो कोंबडा बीजाला ठेवायचा नाही. शिमग्यापर्यंत वाटही बघायची नाही. शेजारच्या काकी म्हणतात, “माणसावर येणारा कोंबडा वड्यांबरोबरच शोभतो.” दोन-तीन पिढ्या असं केलं की फरक दिसतो.

खायला काय

गावठी कोंबडी आपलं पोट बऱ्यापैकी स्वतः भरते. पावसात गांडुळं आणि किडे, भातकापणीनंतर सांडलेले दाणे. मार्चपासून जमीन सुकते आणि तिथून जूनपर्यंत तिला खरी आपली गरज लागते. संध्याकाळी पक्ष्यामागे तीस-चाळीस ग्रॅम, म्हणजे एक छोटी मूठ दाणे. कणी, नाचणी, भरडलेला मका, जे घरात असेल ते. संध्याकाळी दिल्याने त्या घरी परत येतात, हा वरचा फायदा.

नुसत्या दाण्यावर अंडी येत नाहीत, प्रथिनं लागतात. फुटका मडका घ्या, त्यात ओलं शेण, जुना पेंढा, सुका पाला भरा आणि वाळवी असलेल्या जागी पालथा घाला. दोन-तीन दिवसांत आत वाळवी भरते. मडका उलटला की पिल्लांची दिवाळी. घराच्या भिंतीपासून मात्र लांब करा हा उद्योग. जवळा किंवा मासळीचा कचरा द्यायचा तर खारवलेला नको, मिठाने कोंबड्या मरतात. ताजी मासळीही रोज दिली तर अंड्याला वास येतो. शेंगदाण्याची पेंड बुरशी आलेली असेल तर फेकून द्या, उन्हात वाळवून तिचं विष जात नाही.

अंड्याच्या कवचासाठी तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या) कवच्या कुटून वेगळ्या करवंटीत ठेवा. ज्या कोंबडीला हवं ती खाते. अंड्यांची टरफलं चालतात, पण भाजून, चुरून. अख्खं टरफल टाकलं तर अंडं फोडून खायची खोड लागते आणि ती एकदा लागली की सुटत नाही. पाणी सावलीत, रोज बदललेलं.

एरंडाच्या बिया आवारात पडू देऊ नका.

खुडूक बसवणं

इथे घाई करू नये.

कोंबडी खुडूक झाल्याची खूण म्हणजे ती टोपलीतून उठत नाही, पोटाखालची पिसं उपटते, अंग गरम लागतं, चालताना ‘कुक् कुक्’ करते. लगेच अंडी ठेवू नका. दोन-तीन दिवस तिच्याखाली एक-दोन टाकाऊ अंडी ठेवून बघा. रात्रीही बसून राहिली तर मन पक्कं आहे.

आमच्याकडे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत बसवतो. भातकापणी झालेली असते, हवा कोरडी, पिल्लांना चरायला मोकळं शेत. पावसाळ्यातली पिल्लं ओलीने आणि हगवणीने जातात. मे महिन्यात अंडीच बिघडतात, कोंबडीखाली जाण्याआधीच गर्भ अर्धामुर्धा वाढून मरतो. अवेळी खुडूक झालेलीला लोक पाण्यात बुडवतात, नाकपुडीत पीस खुपसतात. हे करू नका. खालून हवा लागेल अशा, फळ्यांच्या उघड्या खोक्यात तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवली की पोट थंड होतं आणि खूळ उतरतं.

अंडी सात दिवसांच्या आतली घ्या, फार तर दहा. मध्यम आकाराची, तडा नसलेली, निमुळतं टोक खाली करून थंड जागी ठेवलेली. फ्रिजमध्ये नको. धुवायचीही नाहीत. अंड्यावर एक पातळ थर असतो तो धुतला जातो आणि रोगजंतूंना वाट मिळते. मातीने फार माखलेलं अंडं घरात खा. एका कोंबडीखाली दहा-बारा पुरे. पंधरा ठेवली की कडेची गार पडतात, कोंबडी ती आत ओढते, दुसरी कडेला जातात, आणि असं करत सगळ्यांचंच नुकसान.

टोपलीत खाली राख आणि बारीक वाळू, वर पेंढा, मध्ये किंचित खोलगट. राखेने उवा कमी होतात. अंडी संध्याकाळी ठेवावीत. आमची आजी टोपलीत एक खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवायची, वीज कडाडली तर अंडी मरू नयेत म्हणून. गडगडाटाने अंडी मरत नाहीत, वळवाच्या दिवसांतल्या उकाड्याने मरतात, पण खिळ्याने काही बिघडत नाही म्हणून मी अजून ठेवतो.

रोज एकदा ती उठते. पंधरा-वीस मिनिटं खाते, पिते, भलीमोठी घाण वासाची शीट टाकते, धुळीत लोळते आणि परत येते. तिला अख्खे दाणे द्या, मका किंवा भात, म्हणजे पोट सुटत नाही. उठतच नसेल तर हळूच उचलून बाहेर ठेवा, पण आधी पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना ते बघा.

सातव्या दिवशी रात्री अंधारात मोबाइलची बॅटरी अंड्याच्या रुंद टोकाला लावून बघा. मध्ये काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसल्या तर जिवंत. नुसतं पिवळट, स्वच्छ दिसलं तर रिकामं. लाल कडं दिसलं तर गर्भ मेलेला. चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा बघून खराब अंडी काढा, नाहीतर सडून फुटतात आणि वास महिनाभर जात नाही. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. विसाव्या दिवशी कान जवळ नेला तर कवचाच्या आतून पिल्लू बोलतं, आणि कोंबडी त्याला हलक्या आवाजात उत्तर देते.

एकविसाव्या दिवशी फुटायला लागतात. पहिल्या टोचणीपासून बाहेर येईपर्यंत कधी कधी दिवस लागतो. आपल्याला वाटतं, मदत करावी. कवच सोललंत तर आतल्या शिरा अजून सुकलेल्या नसतात, रक्त जातं. चहा करा, दुसरीकडे जा.

पिल्लांचा पहिला महिना

पिल्लं सर्वांत जास्त याच महिन्यात जातात. कावळा, घार, शिकरा, मुंगूस, मांजर, पाण्याचं भांडं, पाऊस. पहिले तीन-चार आठवडे आई आणि पिल्लं जाळीच्या बंद जागेत ठेवा, वरूनही जाळी. ‘आई सांभाळते’ म्हणून पहिल्याच दिवशी मोकळी सोडणाऱ्यांकडे बारा पिल्लांची चार होतात आणि मग ते गावठीला नावं ठेवतात.

पहिला दिवसभर पिल्लू पोटातल्या बलकावर जगतं, खायची घाई नसते. पाणी आधी द्या, कोमट, किंचित गूळ घालून. भांडं उथळ, आत खडे, म्हणजे बुडणार नाही. नाचणी आणि बारीक कणी आवडीने खातात, पण पहिला महिना बाजारातलं पिल्लांचं खाद्य द्यावं, त्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. खाली भाताचं तूस दोन-तीन इंच, रोज हलवायचं, ओलं झालेलं काढायचं. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात शिटीत रक्त दिसलं, पिल्लं पंख पाडून डोळे मिटून बसली, की ती रक्ती हगवण. ओल्या तुसातूनच येते. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणा, उद्यावर ढकललं तर उपयोग नाही.

लसी आणि रोग

मानमोडी, म्हणजे मान उलटी वळवणारा रोग, यालाच राणीखेत म्हणतात, ते नाव उत्तराखंडातल्या त्या गावावरून पडलं. उपचार नाही, फक्त लस. सातव्या दिवशी डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा, आठव्या आठवड्यात त्याच रोगाच्या आरटूबी लसीची सुई, मग दर सहा महिन्यांनी. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, पंखाच्या पापुद्र्यात टोचतात. दोन लसींत आठवड्याचं अंतर ठेवा आणि आरटूबीच्या आठवडाभर आधी जंतांचं औषध द्या.

अडचण अशी की कुपी सहसा शंभर मात्रांच्या खाली मिळत नाही, फोडली की दोन तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी कोण आणणार? आम्ही वाडीतली नऊ घरं मिळून एक दिवस ठरवतो. एक जण सकाळी थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणतो, बाकीच्यांनी पहाटे कोंबड्या खुराड्यातून सोडायच्याच नाहीत. दुपारी कोंबडी पकडायला निम्मी वाडी धावते, सकाळी एकटी बाईही काम उरकते. वाडीतल्या एका घरानेही लस चुकवली तर रोगाला तेवढी वाट पुरते, म्हणून न देणाऱ्याच्या घरी जाऊन बसायचं.

देवी पावसानंतर डासांमुळे पसरते. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या धरतात. पोटॅशियम परमँगनेटच्या पातळ पाण्याने पुसून हळद-कडुनिंबाचा लेप लावा, बहुतेक बऱ्या होतात. घशात पांढरे चट्टे आले तर डॉक्टरकडे.

उवा आणि गोचीड यांच्यासाठी राख आणि कोरडी माती मिसळून एक खड्डा कायम भरून ठेवा, पावसाळ्यात छपराखाली. गोचीड दिवसा खुराड्याच्या फटीत लपते आणि रात्री रक्त पिते, म्हणून कोंबडीवर दिसत नाही. तुरे फिके पडले, पक्षी वाळले, की रात्री बॅटरी घेऊन काठ्यांच्या सांध्यात बघा. वर्षातून दोनदा फटी बुजवून चुना काढावा.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर कापून बघू नका, वाटून खाऊ नका, दवाखान्याला कळवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो 2006 च्या फेब्रुवारीत, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात.

कोंबडा बदलणं

एकच कोंबडा चार-पाच वर्षं ठेवला की तो आपल्याच लेकी-नातींवर पडतो. मग अंडी फळत नाहीत, पिल्लं पायाने अधू निघतात. दोन वर्षांनी बदला. विकत घेण्यापेक्षा दुसऱ्या गावातल्या नात्यातल्या घराशी अदलाबदल बरी. त्यांच्या कोंबड्याचा स्वभाव तुम्हाला आधीच ठाऊक असतो. पिल्लांच्या पायात वर्षाच्या रंगाचं प्लास्टिकचं कडं घातलं की कोण कोणाची हे विसरायला होत नाही. पिल्लं वाढतात तशी कडी बदलायला मात्र विसरू नका, घट्ट होऊन मांसात रुततात.

या वर्षी आमचा कोंबडा आत्याकडे गेला आणि तिचा इकडे आला. तीन आठवडे मांगरात वेगळा ठेवला, मग रात्री काठीवर माद्यांच्या मध्ये बसवला. पहाटे साडेचारला त्याने बांग दिली तेव्हा काठीवर त्याच्या डाव्या अंगाला चितकबरी चिकटून बसली होती. तांबडी टोपलीतच होती, अंडी ठेवून अजून तिसराच दिवस होता.